भुरीची पाठ

मी लढाईत होतो असं कळलं की लोक पहिला प्रश्न विचारतात, "किती मारले?" आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी तेच जरा सभ्य शब्दांत विचारलं. "काका, यंदा तुमचा लढाईचा अनुभव हवा. थरारक असू द्या." मी म्हटलं, "बाई, मी अख्खी लढाई एका घोडीच्या पाठीकडे बघत काढली. चालेल का?" त्या हसल्या. त्यांना वाटलं, काका विनयानं बोलताहेत.

विनय वगैरे काही नाही. एकाहत्तरच्या लढाईत मी पूर्वेच्या सीमेवर होतो आणि सामान वाहणाऱ्या जनावरांना चालवणं हे माझं काम होतं. फौजेत आम्हाला ड्रायव्हर म्हणत. भरती झाल्यावर तसं पत्र घरी धाडलं, तेव्हा वडिलांनी कॅम्प-1 या मजूरवस्तीतल्या आमच्या गल्लीत पेढे वाटले. ते भंडाऱ्याकडची शेती सोडून, इथला पोलादाचा प्लांट उभा राहत होता तेव्हा इकडे हिंदी मुलखात मजुरीला आलेले. पोराला ट्रक मिळाला अशी त्यांची समजूत झाली. सुट्टीवर आलो तेव्हा सांगितलं की माझ्याकडे दोन खेचरं आणि एक घोडी आहे. वडील म्हणाले, "म्हंजे मी बैलं सोडून इथं आलो, अन् तुले पुन्हा जनावराच्याच मागं धाडलं!"

लढाईत घोडी कशाला, असं आता कोणालाही वाटेल. तिकडचे डोंगर बांबूचे. ट्रकचा रस्ता एका जागी संपतो आणि तिथून पुढे पायवाट, नाले, चिखल आणि पुन्हा चढ. वरून विमानानं सामान टाकलं तर ते झाडांत अडकतं, नाहीतर दुश्मनाला मिळतं. म्हणून तांदूळ, काडतुसं, तोफेचे छोटे गोळे, वायरलेसची बॅटरी हे सगळं जनावराच्या पाठीवरून वर जायचं. खाली येताना त्याच पाठीवर जखमी माणूस यायचा. पुढची पलटण दोन दिवस लढू शकते का चार, हे मागे आमची जनावरं किती धड आहेत यावर ठरायचं. ही गोष्ट आम्ही ड्रायव्हर लोक सोडून फार कोणाच्या लक्षात यायची नाही.

धंद्याचं थोडं सांगतो. पालाण म्हणजे ओझं बांधायचं खोगीर. त्याच्या खाली लोकर भरलेल्या दोन गाद्या, कण्याच्या दोन्ही अंगांना एकेक, आणि गाद्यांखाली घडी केलेली कांबळ. कण्यावर वजन पडता कामा नये. दोन्ही बाजूंचं ओझं सारखं हवं. पोटाखालचा पट्टा, म्हणजे तंग, आवळताना जनावर मुद्दाम पोट फुगवून धरतं. नवा ड्रायव्हर खूश होतो की घट्ट बसलं. शंभर पावलांवर जनावर श्वास सोडतं आणि पालाण फिरून पोटाखाली येतं. म्हणून थोडं चालवून पुन्हा आवळायचं. मुक्कामावर पोचल्यावर पालाण लगेच काढायचं नाही. तंग ढिला करून थोडा वेळ तसंच ठेवायचं, नाहीतर दबलेल्या पाठीत एकदम रक्त भरून सूज चढते. बैलांत वाढलेला पोरगा मी, मला वाटायचं जनावर म्हणजे जनावर. पहिल्या महिन्यात कळलं की बैलाचं अर्धं ज्ञान इथं विसरावं लागतं.

या सगळ्याचा निकाल संध्याकाळी लागायचा. आमचे हवालदार रतनसिंग प्रत्येक उघड्या पाठीवरून तळहात फिरवत जायचे. हाताखाली कातडी थरथरली की पाठ लागली, म्हणजे पालाणानं जखम केली. हा ड्रायव्हरचा गुन्हा. बंदुकीला गंज चढला तर ते दोन शिव्या देऊन सोडत, पण पाठ लागली तर जनावर मागे जायचं आणि ड्रायव्हर दुसऱ्यांच्या जनावरांची लीद उचलायला. ते म्हणत, "बंदूक टूटी तो दूसरी आ जाएगी। पीठ टूटी तो सामान कौन ढोएगा, तेरा बाप?" ते स्वतः ज्या उस्तादाकडून काम शिकले, तो आधीच्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या जंगलात होता. तिथं खेचरांच्या ओरडण्यानं पलटणीचा पत्ता लागू नये म्हणून डॉक्टरांनी त्यांचे आवाजच कापून टाकले होते. खेचरं तोंड उघडायची, मान ताणायची, पण आवाज निघायचा नाही. हे सांगताना रतनसिंगांसारखा तोंडाळ माणूसही खाली बघायचा.

आमच्या वेळी तसं काही केलं नाही. आम्ही फक्त घुंगरं काढली आणि साखळ्यांना चिंध्या गुंडाळल्या.

माझ्या दोन खेचरांना मी काही फार लळा लावला नव्हता. खरी होती ती भुरी. खेचरं कमी पडली म्हणून जी पहाडी तट्टं तुकडीत घेतली, त्यांतली ही बुटकी, मातकट रंगाची घोडी. दिसायला अगदीच सामान्य. पण खेचराची आई घोडी असते, आणि खेचर कितीही मोठं झालं तरी घोडीच्या मागे जातं. पहिल्याच नाल्यावर सगळी खेचरं पाण्याकडे बघून थांबली. ओढलं, मारलं, शिव्या दिल्या, काही हलेनात. मी भुरीला घेऊन पाण्यात उतरलो. ती शांतपणे पलीकडे गेली आणि मागून एकामागे एक सारी रांग आली. त्या दिवसापासून भुरी सगळ्यांच्या पुढे आणि भुरीच्या पुढे मी. तुकडीत माझं खरं नाव फार थोड्यांना माहीत होतं. मी 'भुरीवाला'. वीस वर्षांच्या पोराला एवढं पुरेसं असतं, डोक्यात हवा जायला.

गिऱ्हाईकंही एकेक भारी भेटायची. एका तरुण साहेबांनी आपली कातडी पेटी वर न्यायला दिली. तिच्या जोडीला तेवढ्याच वजनाचं काही नव्हतं, म्हणून मी दुसऱ्या बाजूला नाल्यातले दगड भरले. अर्ध्या वाटेत साहेबांनी पाहिलं आणि विचारलं, ये क्या है? म्हटलं, साब, आपकी पेटी का जोडीदार. ते लाल झाले. तिथंच पेटी उघडून दोन शर्ट आणि दाढीचं सामान पिशवीत घातलं, पेटी झुडपात फेकून दिली आणि परतीच्या वाटेवर कोणी ती उचलली तर मी विचारणार नाही असं म्हणाले. पेटी पुढे रतनसिंगांच्या बिछान्याखाली दिसली.

फौजेतून सुटल्यावर मी प्लांटच्या स्टोअरमध्ये लागलो. तिथं क्रेन एका खेपेला वीस टन उचलते आणि तिची पाठ कशी आहे असं कोणी विचारत नाही. निवृत्तीनंतर मात्र जुनी विद्या कामाला आली. कॅम्प-1 मध्ये लग्नाच्या घोड्या पुरवणारा मुन्ना आहे, तो अधूनमधून बोलावतो, "चाचा, जरा पीठ देख लो." एकदा त्याच्या एका घोडीची जरीची झूल मी वर केली, तर खाली तळहाताएवढी जखम. म्हटलं, हिला घरी ठेव. तो म्हणाला, "चाचा, तीन ही बारात बची हैं। दूल्हा बैठता कितना है, आधा घंटा!" मी त्याच्यावर ओरडलो. पण मला पुरतं ओरडता आलं नाही. त्याचं कारण मी घरात बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं.

डिसेंबर होता. सकाळी दाट धुकं. निघायची घाई होती आणि मी कांबळ जमिनीवर ठेवूनच घडी केली. बांबूच्या कोंबावर जी टरफलं असतात, त्यांना बारीक कुसं असतात. हाताला लागली तर दिवसभर खाजतं. तसं एक टरफल घडीत गेलं. कांबळ झटकून, हात फिरवून मगच पाठीवर टाकायची, हे मी रोज नव्या पोरांना शिकवत होतो. त्या दिवशी मी स्वतःच झटकली नाही. दिवसभर चढ चढलो. संध्याकाळी पालाण काढलं तर खांद्यामागच्या उंचवट्यावर सुपारीएवढा फोड, आणि कांबळीला चिकटलेलं टरफल.

सांगितलं असतं तर काय झालं असतं? मला शिक्षा, आणि भुरी आठ-पंधरा दिवस मागे विश्रांतीला. बरी झाली असती. पण मग मी भुरीवाला राहिलो नसतो. मी चुलीची राख तेलात कालवली आणि फोडावर लावली. तिच्या रंगात ती मिसळून गेली. रतनसिंग हात फिरवत जवळ आले तेव्हा मी तिच्या तोंडाशी गुळाचा खडा धरला. खडा तोंडात असेतो ती हलली नाही. "शाबाश भुरीवाले," म्हणत ते पुढे गेले. दुसऱ्या संध्याकाळी तेच केलं. तिसऱ्याही. फोड फुटला होता आणि खाली पू धरला होता. मी गादीची शिवण उसवून तिथली लोकर काढली, म्हणजे त्या जागी दाब कमी पडेल, आणि स्वतःला सांगितलं की मी तिची काळजी घेतोय.

चौथ्या दिवशी पुढे गोळीबार झाला. दुपारी एका शिपायाला आमच्यापर्यंत आणलं. लान्सनायक बोपचे. आमच्याच बाजूचा, गोंदियाकडचा. येता-जाता दोन शब्द बोलायचो, म्हणून ओळख. उजव्या खांद्यात गोळी. खाली मलमपट्टीचं ठाणं आठ मैलांवर, सगळा उतार. रतनसिंगांनी मला बोलावलं.

"भुरी सबसे सीधी चलती है। पीठ ठीक है न?"

मला उत्तर द्यायला फार तर एक क्षण लागला असेल. नाही म्हणायचं तर तीन दिवसांची लबाडी उघडी पडणार. आणि ती सगळ्यांत सरळ चालते हेही खोटं नव्हतं. माझी खेचरं उतारावर माणसाला पाडू शकत होती. ही दुसरी गोष्ट मी पुढे केली आणि पहिली तिच्या मागे लपवली.

"फिट है, उस्ताद," मी म्हटलं.

उतारावर पालाण पुढे सरकतं आणि सगळा भार नेमका त्या उंचवट्यावर येतो. मी दोर धरून पुढे चालत होतो. मागे वळून बघायचं नाही असं मी ठरवलं होतं. ती एकदाही उडाली नाही, पाय आपटला नाही, वाटेत दोनदा नाला आला तरी थांबली नाही. फक्त तिचा श्वास माझ्या मानेवर वेगळा लागत होता, तो मला कळत होता. ऊन उतरायच्या आत आम्ही ठाण्यावर पोचलो. बोपचेला आत नेलं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणला.

तिथं जनावरांचे डॉक्टरही होते, एक कॅप्टन. मी तंग ढिला करून बाजूला उभा राहिलो. ते नेहमीसारखा थोडा वेळ थांबले नाहीत, त्यांनी स्वतःच पालाण काढलं. कांबळ निघेना. ओढली तेव्हा कातडीसकट निघाली. आत हाड दिसत होतं. त्यांनी विचारलं, "कब से?" मी म्हटलं, "आज ही हुआ, साब।" त्यांनी पुवाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पू एका दिवसात धरत नाही हे कोणीही सांगेल. शांततेचे दिवस असते तर सहा महिने देऊन बघितलं असतं, एवढंच म्हणाले. दोर दुसऱ्या कोणाच्या हातात देतोस का, असंही विचारलं. मी नाही म्हटलं. तिची मान माझ्या छातीला टेकलेली होती. एकच गोळी लागली.

कागदावर लिहिलं गेलं की जखमीला आणताना पाठ गेली. आठवड्यानं परेडमध्ये साहेबांनी माझं नाव घेऊन शाबासकी दिली, जनावर आणि ड्रायव्हर दोघांनी कर्तव्य केलं म्हणून. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी छाती काढून उभा होतो. तसं उभं राहिल्याची मला आजही लाज वाटते.

पुढे कोणी विचारलं की त्या घोडीचं काय झालं, तर मी सांगायचो की लढाईनंतर फौजेनं तिला पेन्शनीत काढली आणि एका हिरव्या कुरणात सोडून दिली. पोरांना सांगितलं, नातवंडांना सांगितलं. इतक्या वेळा सांगितलं की ते कुरण मला दिसायला लागलं होतं.

गेल्या हिवाळ्यात एका दुपारी प्लांटच्या वसाहतीतल्या, सेक्टर 2 मधल्या आमच्या क्वार्टरसमोर ऑटो थांबली. मी मुलाकडे राहतो. तो ड्यूटीवर होता. एक म्हातारा उतरला, बरोबर सतरा-अठराची पोरगी. त्यानं मला डाव्या हातानं रामराम केला. उजवा खांद्याच्या वर जात नव्हता.

"मले वळखलं का?"

पन्नासच्या वर वर्षं झाली होती, पण त्या हातामुळे ओळखलं. बोपचे. नातीला नेहरू नगरच्या कोचिंग क्लासमध्ये घालायला आला होता. जुन्या फौजींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणीतरी माझा पत्ता दिला होता. बायकोनं चहा-चिवडा आणला. गावाकडच्या गोष्टी झाल्या, कोण गेलं, कोण राहिलं. मग बोपचे नातीला म्हणाला, "हे पाह्य. याच्याच घोडीनं मले वाचवलं." ती म्हणाली, "अच्छा, वो वाले दादाजी!" आणि फोन बाजूला ठेवून नीट बसली.

"भाऊ, लई दिवसाचं विचाराचं होतं," बोपचे म्हणाला. "तिचं काय झालं मंग?"

"लढाई सरली अन् तिले पेन्शनीत काढलं," मी म्हटलं. "कुरणात सोडलं."

तो माझ्याकडे बघत राहिला. "खरं सांगून राहिला का?"

मी चिवड्याची बशी त्याच्याकडे सरकवली.

"दवाखान्यात माही पँट कापली होती," तो म्हणाला. "बसाच्या जागी रक्तानं भिजून गेल्ती. डॉक्टरनं आंधी तिथंच जखम शोधली. जखम खांद्यात, अन् रक्त खाली. ते माहं नव्हतं."

बायको आतून येऊन दाराशी उभी राहिली होती. मी सगळं सांगितलं. टरफल, राख, गूळ, रतनसिंगांना दिलेलं उत्तर, कॅप्टनचा प्रश्न, माझ्या हातातला दोर. वाटलं, आता हा माणूस उठून जाईल.

बोपचेनं चहाची कपबशी खाली ठेवली.

"मी चाललो असतो," तो म्हणाला.

"काय?"

"माह्या खांद्यात गोळी होती, पायात नाही. दोघाईच्या आधारानं अर्धी वाट तरी चाललो असतो. बसा म्हनलं, मी बसलो. अन् दुसऱ्या नाल्यापाशी खाली ओलं लागलं, गरम. तवाच मले समजलं का हे तिचं हाय. उतरावं वाटलं. पन बसून बरं वाटत होतं. तू पुढं चालून राहिला होता. हाक मारली असती तं तू थांबला असता. मी नाही मारली."

माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती राग. खरोखरचा राग. दुसऱ्या नाल्याशी हा उतरला असता तर? पन्नास वर्षं मी एकटा हे घेऊन बसलो, आणि याला तेव्हाच माहीत होतं! मग मी कोणावर रागावतोय हे माझ्या ध्यानात आलं आणि मी खाली मान घातली. अपराध दोघांत वाटला गेला की अर्धा होतो असं मला वाटायचं. तसं झालं नाही. आता दोन म्हातारे होते, आणि दोघांकडे तो पुरता होता.

नात आमच्याकडे आळीपाळीनं बघत होती. "पर आजोबा, आप मर भी तो सकते थे," ती म्हणाली. बोपचे म्हणाला, "हो. मरूही शकत होतो. ते मले सांगता येत नाही, अन् यालेही नाही." मग क्लासची वेळ झाली म्हणून ते निघाले. बायकोनं रिकाम्या कपबश्या उचलल्या आणि त्या रात्री जेवताना मला एवढंच विचारलं, "मले कावून नाही सांगितलं?"

या अंकासाठी लिहायला बसलो तेव्हा बोपचेला फोन केला. तो शेतावर होता. म्हटलं, तुझी गोष्ट तुझ्या नावानं लिहू का, की नुसतं 'एक शिपाई' म्हणू?

"नाव घाल," तो म्हणाला. "मी उतरलो नाही तेबी घाल. तुह्या एकट्याच्या नावावर नको टाकू." मग त्यानं विचारलं, "फौजेच्या कागदात तिचं नाव होतं का?"

"नाही. खुरावर नंबर असे. भुरी हे मी ठेवलेलं."

"मंग तिचं आंधी लिही," बोपचे म्हणाला. "आपलं मंग."